न पुकारलेलं घर

माझी काकी धवलारीण आहे. शहापूर-मुरबाडच्या पट्ट्यात ज्यांनी जुनी लग्नं पाहिली आहेत त्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. बाकीच्यांसाठी सांगते. आमच्याकडे लग्नात भटजी येतो तो अक्षतांपुरता. त्याच्या आधीचे दोन दिवस घर धवलारणीच्या ताब्यात असतं. हळद दळायची, मांडव घालायचा, नवरीला न्हाऊ घालायचं, प्रत्येक कामाचं गाणं वेगळं, आणि ते गाणं म्हटल्याशिवाय काम झालं असं कोणी धरत नाही. या गाण्यांना धवले म्हणतात. काकीला सगळे धवले तोंडपाठ आहेत. कागदावर त्यातली एक ओळ नाही, कारण सहीच्या पलीकडे तिला लिहिता येत नाही.

सगळ्यात मोठा धवला बोलावण्याचा. तो हळदीच्या सकाळी म्हणतात. आधी गावदेवी, मग वाघोबा, मग नदी, मग डोंगर, मग ज्या झाडांच्या फांद्या मांडवाला लागल्या ती झाडं. एकेकाला हाक मारायची, पाट मांडला आहे म्हणून सांगायचं. मग घरातली गेलेली माणसं, नावानिशी. मग भावकी. मग आजोळ. नाव आलं की घरची बाई सुपातले चिमूटभर तांदूळ पळसाच्या पानावर टाकते. आमच्या गावात आणखी एक रीत होती. जवळचे पाहुणे मांडवाबाहेर थांबायचे आणि आपल्या घराचं नाव गाण्यात आलं की मगच आत पाय ठेवायचे. पत्रिका छापायला लागल्यापासून ही रीत बरीच मोडली. जुनी माणसं मात्र अजून तशीच थांबतात.

माझी आई आदिवासी वाडीवरची. किन्हवलीच्या पुढे, रस्ता संपतो तिथून तासभर चढायचं, अशी ती वाडी. वडील खालच्या गावातले, भातशेतीवाले. दोघांचं कसं जमलं ते मला कोणी धड सांगितलं नाही. आई रानभाज्या आणि मोहाची फुलं घेऊन बाजाराला उतरायची, एवढं माहीत आहे. गावानं आमच्या घरी कितीतरी वर्षं पाणी घेतलं नाही. आईच्या माहेरचं कोणी आलं तर ते अंगणाच्या कडेला बसून परत जायचं.

काकी आमच्या घरात लग्न होऊन आली तेव्हा मी सहा-सात वर्षांची असेन. ती आपल्या आईकडून धवले शिकून आली होती. आमच्या घरातलं तिनं गायलेलं पहिलं लग्न माझ्या धाकट्या आत्याचं. बोलावण्याचा धवला रंगात आला, आणि घरातल्या सुनांची माहेरं घेता घेता तिनं कोणाला न विचारता आईची वाडी घेतली. वाडीचा देव घेतला, आईच्या बापाचं नाव घेतलं. भावकीतले दोन म्हातारे उठून निघून गेले. काकी थांबली नाही. मामा, म्हणजे आईचा धाकटा भाऊ, अंगणाच्या कडेला उंबराचे आणि जांभळाचे डहाळे खांद्यावर घेऊन उभा होता. तो त्या दिवशी पहिल्यांदा मांडवात आला. आई पदर तोंडाला लावून आत पळाली ते मला आठवतं. त्यानंतर आमच्या घरातल्या प्रत्येक लग्नाला वाडीचं नाव पुकारलं गेलं आणि पुन्हा कोणी उठून गेलं नाही. मांडवाचे डहाळे आणायचा मानही मामाचाच झाला. मी शिक्षिका होण्यासाठी शिकत होते तेव्हा आई गेली. मग तिचं नावही धवल्यात आलं, वाडीच्या नावाबरोबर.

एवढं सगळं ज्या बाईनं एकटीनं केलं, तिच्याकडे जाऊन मी काय मागितलं ते आता सांगायचं आहे. हात जड होतो आहे.

मी शहापूरला शाळेत शिकवते, राहायला आसनगावात. सांस्कृतिक कार्यक्रम माझ्याकडे असतात. एका वर्षी स्नेहसंमेलनात मी काकीला बोलावून धवला म्हणायला लावला, पाहुण्यांच्या हस्ते शाल दिली आणि लोककलेचा वारसा या विषयावर भाषण ठोकलं. भाषण मी चांगलं करते. बोलायला काय लागतं, उचलली जीभ लावली टाळ्याला. त्या दिवशी पुष्कळ लोक म्हणाले की बाईंना मातीची जाण आहे. मलाही ते पटलं होतं.

मग मुलीचं लग्न ठरलं. माणसं डोंबिवलीची, सुशिक्षित, बोलायला गोड. पोरापोरीनं आधीच एकमेकांना पसंत केलं होतं, आम्ही फक्त पोहे खाल्ले. बोलता बोलता मुलाच्या चुलत्यांनी मला सहज विचारलं की तुमचं आजोळ कुठलं. मी म्हणाले, मुरबाडकडे. वडिलांची एक मावशी मुरबाडजवळ दिली होती, तिचं गाव सांगून टाकलं. कोणी पुढे विचारलं नाही. कोणी विचारलं असतं आणि मी खरं सांगितलं असतं तर ती माणसं उठून गेली असती का? मला आजही वाटत नाही. पण तेव्हा मला झाकली मूठ सव्वा लाखाची वाटली. नवरा माझ्याकडे बघत राहिला. घरी आल्यावर म्हणाला, तुझं तू बघ.

गंमत अशी की विहीणबाईंना धवला हवा होता. त्यांनी कुठेतरी त्याबद्दल वाचलं होतं. हळद आमच्याकडे, सोसायटीच्या मोकळ्या जागेत मांडव घालून, आणि धवला अगदी खराखुरा, पहिल्यापासून शेवटपर्यंत, असं त्यांनी हौसेनं सांगितलं. त्यांचे दोन भाऊही खास तो ऐकायला येणार होते. मी हो म्हणाले, आणि त्या रात्रीपासून माझी झोप उडाली. गाणं म्हटलं की नावं आली. नावं आली की वाडी आली, वाडीचा देव आला.

चैत्र संपताना मी गावी गेले. काकी ओटीवर चिंचा फोडत बसली होती. मी तिच्याबरोबर चिंचा फोडायला बसले, इकडचं तिकडचं बोलले, आणि शेवटी सांगितलं की या वेळी आजोळ घेऊ नकोस. माहेरच्या भावकीवर थांब आणि पुढे जा. कारण मी लांबलचक सांगितलं, वेळ कमी आहे, त्या लोकांना एवढी नावं कळत नाहीत, ऊन असतं. काकीनं ते सगळं ऐकून घेतलं. तिला खरं कारण कळलं होतं हे तिच्या हातावरून समजलं, कारण चिंचा फोडायचा दगड थांबला होता.

मग ती म्हणाली, ‘‘गालीन मी. घर तुजं, लगीन तुजं. पन ज्याला बोलवायचं नाय, त्याला आपून जाऊन सांगाया लागतं गो. नाय सांगितलं, तर तो येऊन दारात बसतो. तू वाडीवं जा. तुज्या आयेच्या भावाला सांग. तिथं सांगितलं का तिला पोचलं.’’

अशी रीत आहे हे मला माहीत नव्हतं, कारण आमच्या घरात कोणाला गाळायची वेळच आली नव्हती. मी कबूल केलं की जाईन.

गेले नाही. खरेदी होती, हॉल होता, पत्रिका होत्या, सगळ्या सबबी तयार होत्या. एकदा किन्हवलीपर्यंत बसनं गेलेसुद्धा. तिथे उसाचा रस प्यायले आणि त्याच बसनं परत आले. मामासमोर उभं राहून काय म्हणायचं होतं? तुझ्या बहिणीला माझ्या पोरीच्या लग्नाला बोलवत नाही, तूही येऊ नकोस. हे वाक्य मी मनात दहा तऱ्हांनी करून पाहिलं. दहाही वेळा ते तसंच निघालं.

हळदीच्या आदल्या संध्याकाळी काकी आमच्या घरी उतरली. चहा घेतला, आणि कपबशी खाली ठेवताना तिनं विचारलं, ‘‘सांगितलंस?’’

मी म्हणाले, ‘‘हो.’’

माझ्यावर विश्वास ठेवायची तिला सवय होती.

हळद छान झाली, सगळे म्हणतात. झेंडूच्या माळा, पिवळ्या साड्या, कोपऱ्यात जातं मांडलेलं. ध्वनिक्षेपकवाल्यानं काकीच्या हातात माइक दिला, तिनं तो बाजूला सारला, शेवटी माझ्या चुलतभावानं तो तिच्या तोंडाशी धरून ठेवला. म्हातारीचा आवाज सोसायटीच्या चारही इमारतींवर गेला. गावदेवी आली, वाघोबा आला, काळू नदी आली, माहुलीचा डोंगर आला. विहीणबाई मोबाइल धरून डोळे पुसत होत्या. मी सूप घेऊन बसले होते आणि नावागणिक तांदूळ टाकत होते. सासरे, सासू, माझे वडील, आजा, पणजा, भावकीतली घरं एकामागून एक.

आजोळाची जागा आली. काकीनं श्वास घेतला आणि माझ्याकडे पाहिलं. तेवढ्या वेळात मी मान हलवून घे म्हणाले असते तरी तिनं घेतलं असतं. मी सुपातल्या तांदळाकडे बघत राहिले. तिनं सूर न मोडता पुढची ओळ उचलली आणि मांडव भरला, सगळे आले, असं म्हणून धवला संपवला. कोणाच्या काही लक्षात आलं नाही. मला हायसं वाटलं. लाज नंतर आली. त्या क्षणी खरंच हायसं वाटलं होतं, हे मला लपवायचं नाही.

दहाएक मिनिटांनी सोसायटीचा वॉचमन आत आला. त्याच्या हातात उंबराचे आणि जांभळाचे डहाळे होते, ताजे, सुतळीनं नीट बांधलेले. तो म्हणाला, एक बाबा सकाळपासून गेटबाहेर भिंतीला टेकून बसला होता. मी दोनदा म्हटलं आत जा, उन्हात कशाला बसता. तर म्हणे, आमच्या घराचं नाव अजून आलं नाय. गाणं संपल्यावरही थोडा वेळ बसला. मग या फांद्या माझ्याकडे दिल्या आणि गेला.

मामाला कोणी बोलावलं नव्हतं. भाचीच्या घरच्या लग्नाला बोलवावं लागतं हे त्याच्या डोक्यातच नसणार. किन्हवलीच्या बाजारात तारीख कळली असेल आणि तो मान घेऊन निघाला असेल. पहाटे उतरून पहिल्या बसनं आला असेल.

एसटीचा थांबा आमच्या गेटपासून दहा मिनिटांवर आहे. किन्हवलीची बस भर दुपारी चटकन मिळत नाही. मी गेले असते तर तो थांब्यावरच सापडला असता. तिकडून विहीणबाई फोटोसाठी हाका मारत होत्या. मी वॉचमनला सांगितलं, डहाळे पाण्याच्या टाकीमागे ठेवून दे. आणि जाऊन उभी राहिले. अल्बममध्ये तो फोटो मोठा करून लावला आहे. माझ्या दोन्ही गालांना हळद आहे आणि मी हसते आहे.

काकीनं ते डहाळे पाहिले होते. वॉचमन बोलत होता तेव्हा ती चार हातांवर जात्याशी बसलेली होती. मी खोटं बोलले होते हे तिला तिथल्या तिथे कळलं. ती लग्न लागेपर्यंत राहिली, पाठवणीचा धवला म्हणाली, पोरीच्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडली. मला एका शब्दानं बोलली नाही.

पाऊस सुरू झाला, शाळा सुरू झाली. आषाढात किन्हवलीहून येणारी माझी एक सहशिक्षिका डबा खाताना म्हणाली, तुमच्या काकींचं आता वय झालं हो. भर मांडवात आजोळचं घर विसरल्या म्हणे, तुमचे मामा दारातून परत गेले. बाजारात बोलत होते लोक. मी डब्यात बघत म्हणाले, हो, वय झालंय. हे मी म्हणाले. माझी जीभ झडली नाही.

धवलारणीला सगळं माफ असतं. आवाज बसला तरी चालतो, उशीर झाला, पान जास्त खाल्लं तरी चालतं. नाव विसरलेलं चालत नाही. जी एक घर विसरली ती उद्या आपलं विसरेल, आणि ज्याचं घर राहिलं त्याचं वर्ष वाईट जातं अशी समजूत आहे. तुळशीच्या लग्नानंतर मुहूर्त सुरू झाले आणि काकीला गायला बोलावण्याचा पानविडा आला नाही. कार्तिक गेला. मार्गशीर्षात खुद्द आमच्या भावकीत लग्न निघालं, आणि त्यांनी मुरबाडकडची एक दुसरी बाई आणली. बाई चांगली होती. पण अर्धे धवले तिनं वहीत बघून म्हटले. काकी बायकांत बसली होती, मी तिच्या शेजारी. गाण्याच्या मध्ये कोणीतरी, वाईट हेतूनं नव्हे, तिला विचारलं की काकी, खरंच इसारली व्हतीस का गो तू?

काकीनं अडकित्त्यानं सुपारी कातरत सांगितलं, ‘‘हा गो. इसारली.’’

मी तिथे होते. माझा गुडघा तिच्या गुडघ्याला लागलेला होता. तोंड उघडायला काहीच लागत नव्हतं, आणि एरवी माझं तोंड बंद नसतं. मी सुपारी मागून घेतली. नंतर परत येताना बसमध्ये मला रडू आलं, पण त्या रडण्याची मला किंमत वाटेना. रडून काकीला विडा येणार नव्हता.

नाताळच्या सुट्टीत मी वाडीवर गेले. कितीतरी वर्षांनी चढले. भात कापून झालेलं होतं, खाचरात नुसती धसकटं. वाटेवरची कारवी सुकून काड्या झाल्या होत्या. दोनदा बसावं लागलं. लहानपणी आईबरोबर ही वाट मी पळत चढायचे. घरं बरीचशी सिमेंटची झाली आहेत, मामाचं अजून कुडाचंच, शेणानं सारवलेलं. तो अंगणात बांबूच्या चिरलेल्या बेळांची टोपली विणत होता. मला पाहून त्याला आनंद झाला. खरा आनंद झाला, म्हणून मला जास्त मेल्यासारखं झालं. मामीनं कोरा चहा आणून दिला. पोरगी कशी आहे, जावई कसा आहे, त्यानं सगळं विचारलं. लग्नाचा विषय त्यानं काढला तोही मलाच मोकळं करायला.

म्हणाला, ‘‘काकीवं राग धरू नको गो. म्हातारं मानूस, इसारतं. दसऱ्याच्या आधी ती सोता आली व्हती इथं. चढली कशी देव जाने. माज्या पाया पडाया लागली, मी पडू दिली नाय. मंग इथंच बसून तिनं अख्खा धवला सांगितला. डोंगराला बोलावलं, तुज्या आयेला बोलावलं, आमाला सगल्यांना. दम खात खात गायली. तवा आता काय बाकी नाय.’’

काकी चढून आली होती. जी वाट मी एकदा रस पिऊन टाळली होती ती सत्तरी उलटलेली बाई चढली होती, आणि वर येऊनही तिनं माझं नाव सांगितलं नव्हतं.

मी कप खाली ठेवला. म्हणाले, मामा, काकी विसरली नव्हती. मी तिला गाळायला सांगितलं होतं. तुला येऊन सांगायला तिनं मला बजावलं होतं, मी आले नाही, आणि तिला सांगितलं की येऊन गेले. तू बाहेर बसला होतास ते मला कळलं होतं. तू थांब्यावर असशील हेही कळलं होतं. किन्हवलीच्या बाजारात, भावकीत, सगळीकडे मी हे आता सांगणार आहे. आधी तुला सांगायला आले.

हे मी पाठ करून गेले होते. बरंच भाषणासारखं निघालं.

मामाचे हात थांबले नाहीत. तो एक बेळ वरून, एक खालून घेत राहिला. मामी उठून आत गेली. टोपलीचा एक फेरा पुरा झाल्यावर त्यानं विचारलं, ‘‘पोरीला ठावं हाय का, तिची आजी कोन व्हती?’’

माझी मुलगी अठ्ठावीस वर्षांची आहे. तिला मी लहानपणापासून सांगत आले की आजी मुरबाडकडची. माहेरच्या लग्नांना मी तिला कधी नेलं नाही, म्हणून मामाला तिनं दोनदाच पाहिलं होतं, गावी, काकीच्या ओटीवर, आणि दोन्ही वेळा मी तिला सांगितलं होतं की हे आपल्या ओळखीचे आहेत.

मी नाही म्हणाले.

त्यानं टोपली मांडीवरून खाली ठेवली आणि पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. रागानं नाही, समजून घ्यायचं म्हणून.

‘‘मंग काकीनं काय गालली तिला?’’ तो म्हणाला. ‘‘तूच गाललीस ना तिला, पोर जल्मली तवाच.’’